नव्या एक्सक्लुझिव्ह फिगरचा सांधा अडकलाय? जोर लावण्याआधी हे वाचा

बॉक्स उघडला, ट्रेमधून फिगर (हात-पाय वळवता येणारी, संग्रहासाठी घेतलेली प्लास्टिकची बाहुली) बाहेर काढली, पोझ द्यायला कोपर वाकवायला गेलात आणि कोपर हललंच नाही. अशा वेळी बोटं आपोआप थोडा जास्त जोर लावतात. तो लावू नका. फिगर आहे तशी खाली ठेवा. मी पाहिलेल्या तुटलेल्या खुंट्यांपैकी (सांधा ज्यावर फिरतो त्या छोट्या दांड्या) बहुतेक याच पहिल्या पाच-दहा मिनिटांत तुटल्या आहेत. आणि एकदा तुटली की मूळ दोष कारखान्यातला होता की ती आपल्या हातून तुटली, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

मी बारा-तेरा वर्षं फिगर जमवतोय. सुरुवातीला वाटायचं की आपलं नशीबच वाईट, म्हणून नेमकी मर्यादित आवृत्तीचीच फिगर सदोष येते. नशिबाचा त्यात काही संबंध नाही. हे वारंवार होण्यामागे कारण आहे आणि ते समजलं की दुरुस्तीही समजते.

एक्सक्लुझिव्ह, म्हणजे मोजक्या नगांची खास आवृत्ती, हा बहुतेक वेळा नवा साचा नसतो. जुन्याच साच्यात वेगळं प्लास्टिक ओतून त्यावर वेगळं रंगकाम केलेलं असतं. डिझायनर टॉईजचा, म्हणजे कलाकारांनी घडवलेल्या संग्राह्य खेळण्यांचा, बराचसा डोलारा याच कल्पनेवर उभा आहे. १९९९ साली हाँगकाँगमध्ये कलाकार मायकल लाऊने १२ इंची फिगर घेऊन त्यांना आपल्या रस्त्यावरच्या पोरांचं रूप दिलं आणि तिथून या छंदाला तोंड फुटलं. २००१ मध्ये मेडिकॉम टॉय कंपनीचा अस्वलाच्या आकाराचा बेअरब्रिक आला, २००४ मध्ये किडरोबॉट कंपनीचा लांब कानांचा डनी. दोन्हींत आकार एकच, रंगकाम मात्र दर वेळी नव्या कलाकाराचं. पोलादी साचा कापून घेणं हा या धंद्यातला सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक, त्यामुळे काहीशे नगांच्या आवृत्तीसाठी नवा साचा कुणी कापत नाही, आणि त्यात गैरही काही नाही.

अडचण अशी की त्या साच्याची मापं पहिल्या आवृत्तीच्या प्लास्टिकवर बेतलेली असतात. साच्यातून निघाल्यावर एबीएस हे कडक प्लास्टिक साधारण अर्धा टक्का आकसतं. सांध्यांच्या खुंट्यांसाठी जे गुळगुळीत, मेणचट प्लास्टिक वापरतात, ते पीओएम, दोन टक्क्यांच्या आसपास आकसतं. खुंटी ५ मिलिमीटर जाड असेल तर दोन टक्के म्हणजे ०.१ मिलिमीटर. प्लास्टिक बदललं किंवा त्यात घातलेलं रंगद्रव्य बदललं तरी हे आकसणं थोडं इकडेतिकडे होतं. त्यात एक्सक्लुझिव्हवर जादा रंग चढतो: मूळ आवृत्तीत जो दंड काळ्या प्लास्टिकचा होता तो इथे धातूच्या चकाकीने रंगवलेला असतो. खुंटीवर एक थर, खोबणीच्या आतही एक थर. ज्या सांध्यात केसभर जागा होती तिथे आता जागाच उरली नाही. त्यातून रंग नीट वाळण्याआधी भाग एकमेकांत बसवले गेले, तर तो रंग गोंदाचंच काम करतो.

म्हणून माझा नियम असा, की जो भाग या आवृत्तीत नव्याने रंगवलाय तिथलाच सांधा मी सर्वांत आधी संशयाने बघतो.

आधी तक्रार, मग दुरुस्ती

हा क्रम चुकवू नका. फिगरला उष्णता दिली, तेल लावलं, खरवडलं, की बदली मागायचा तुमचा हक्क जवळपास संपतो. म्हणून बॉक्सची चिकटपट्टी कापण्याआधी फोन एखाद्या स्टँडवर लावा आणि एकच सलग व्हिडिओ काढा: बंद सील, बॉक्सच्या तळाचा उत्पादन क्रमांक, उघडणं, ट्रेमधली फिगर, मग चारही बाजू. मध्ये व्हिडिओ थांबवू नका. तो तुकड्यातुकड्यांत असला की विक्रेत्याला शंका घ्यायला जागा मिळते. ट्रे, प्लास्टिकचे वेष्टन, वळवलेल्या तारासुद्धा महिनाभर टाकू नका.

मग दिवसाच्या उजेडात, हलवाहलव न करता, पाच मिनिटं नुसतं बघा. दोन्ही हात डावेच आहेत का? मांड्या अदलाबदल होऊन बसल्यात का? गुडघ्याच्या वाट्या बाहेरच्या बाजूला दिसत असतील तर तसं झालेलं असतं. जादा हातांच्या जोडीत एक हात कमी आहे का? सांध्याच्या कडेला रंगाची बारीक झालर आहे का? खुंटीभोवती प्लास्टिक पांढरट पडलंय का? पांढरेपणा म्हणजे तिथे ताण पडलेला आहे आणि तो भाग तुमच्या घरी येण्याआधीच अर्धा तुटलेला आहे. त्याचा जवळून फोटो घ्या आणि त्याला हात न लावता लगेच कळवा.

तक्रार लिहिताना 'क्वालिटी खराब आहे' असं मोघम लिहून काही होत नाही. 'उजव्या कोपराचा वरचा सांधा फिरत नाही, कडेला चंदेरी रंग साचलाय, फोटो तीन, व्हिडिओ दोन मिनिटं दहा सेकंदांपासून' असं लिहा. आणि पूर्ण फिगर बदलून मागण्याऐवजी आधी तेवढा भाग मागून बघा. मर्यादित आवृत्तीत पूर्ण फिगर शिल्लक नसते, पण सुटे हात, मुंडकी, शस्त्रं थोडीफार शिल्लक असतात आणि ती लवकर संपतात. ज्याने पहिल्या आठवड्यात मागितलं त्याला मिळतात. आवृत्तीचा क्रमांक पायाखाली किंवा स्टँडवर छापलेला असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण फिगर परत गेली की तो क्रमांकही गेला.

कशाबद्दल तक्रार करावी? चुकीची जोडणी, तुटकं, हरवलेलं, न हलणारं, वाकडे छापलेले डोळे: निःसंकोच करावी. साच्याच्या दोन अर्ध्या भागांची पुसट रेघ, पाठीवरचा रंगाचा एखादा ठिपका, दाट प्लास्टिक थंड होताना पडलेला हलका खड्डा: हे या प्रक्रियेचाच भाग आहे. त्यासाठी बदली मागून आलेली दुसरी फिगर हमखास बरी असेल असं नाही. मी एकदा पाठीवरच्या ठिपक्यासाठी फिगर परत केली आणि बदली आली तिचा चेहराच वाकडा छापलेला होता. पहिली शेवटी मिळालीच नाही, आणि आजही ती बदली आलेली फिगर बघितली की मला त्या ठिपक्याचीच आठवण येते.

अडकलेला सांधा नेमका कशामुळे अडकलाय

बदली मिळणार नाही किंवा तक्रारीची गरज नाही हे ठरलं, की मग कामाला लागायचं. फिगर नुकतीच थंड हवेतून आली असेल तर आधी दोन-तीन तास खोलीत ठेवा. थंड प्लास्टिक ठिसूळ असतं.

आता सांध्याच्या दोन्ही बाजू अगदी सांध्यालगत धरा. हाताचं टोक धरून कोपर वाकवू नका. लांब टोकाला लावलेला थोडासा जोरही खुंटीपाशी कैक पट होऊन पोचतो. टॉर्चचा उजेड खुंटीवर पाडा आणि हलकेच दाब द्या.

सांधा दगडासारखा गप्प असेल आणि कडेला रंगाची झालर असेल, तर तो रंगाने चिकटला आहे. ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. रंगाची पकड उष्णतेने सुटते.

पुढचा भाग रबरासारखा थोडा वळतो आणि सोडला की मागे येतो, तर सांधा फिरत नाहीये, खुंटी पिळली जातेय. तिथेच थांबा. खुंटी तुटते ती अशीच, आणि तुटायच्या आधी ती कसलाही आवाज करत नाही.

टप्प्याटप्प्याने कट-कट करत थांबत असेल तर आत दातेरी चक्र आहे. मोठ्या, जड फिगरमध्ये खांदे आणि मांड्या आपल्या वजनाने खाली येऊ नयेत म्हणून ते असतं. त्याला उष्णता देऊन ढिलं करायला जाऊ नका, ते तसंच असायला हवं.

उष्णता कशी द्यायची

पाणी ६० ते ७० अंश सेल्सिअस. उकळतं नको. उकळत्या पाण्यात पीव्हीसी, म्हणजे फिगरच्या मऊ भागांचं प्लास्टिक, इतकं मऊ पडतं की बोटांचा आकारही बिघडतो. फक्त अडकलेला सांधा पाण्यात बुडेल असा धरायचा, एक ते दोन मिनिटं. पाणी आत जायला नको असेल तर तेवढा भाग झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून बुडवा. कापडी कपडे, कृत्रिम चामडं, दिवे किंवा बॅटरी असलेल्या फिगरला पाणी नको; तिथे हेअर ड्रायर, एक वीत अंतरावरून, सतत हलता ठेवून, अर्धा मिनिट. आरशासारखा क्रोम चढवलेल्या भागावर दोन्ही नको, तो थर सुरकुततो.

बाहेर काढल्यावर लगेच, दोन्ही बाजू सांध्यालगत धरून, दोन-तीन अंश इकडे, दोन-तीन अंश तिकडे. पूर्ण फिरवायचा प्रयत्न पहिल्या फेरीत करायचाच नाही. हलला नाही तर पुन्हा गरम. पाच-सहा फेऱ्या लागू शकतात आणि त्या सगळ्या एकाच संध्याकाळी व्हायला हव्यात असंही नाही. रंग सुटतो तेव्हा बारीकसा 'टक्' जाणवतो. त्या क्षणाला जोर वाढवायचा मोह होतो. तिथेही तेवढंच इकडे, तेवढंच तिकडे.

अनेकजण फ्रीझरचा उपाय सांगतात: थंडीने रंग कडक होतो आणि तडकून सुटतो. सुटतो हे खरं, पण त्याच थंडीने खुंटीही ठिसूळ होते. फ्रीझरमधून काढलेला सांधा मी लगेच हलवत नाही आणि तुम्हीही हलवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सांधा मोकळा झाला तरी काम अर्धंच झालं. आतला रंग तिथेच आहे आणि आठवड्याभरात पुन्हा धरू शकतो. भाग निघत असेल तर कोमट असतानाच सरळ रेषेत, न वळवता ओढून काढा. खुंटीचा जो भाग खोबणीत लपतो तेवढ्याच भागावर १००० किंवा १५०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलकेच फिरवा. रंग गेला की थांबा, खालचं प्लास्टिक घासू नका. मग टूथपिकच्या टोकावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. शिवणयंत्राचं किंवा गंज सोडवायचं तेल चालत नाही: पेट्रोलियमची तेलं काही प्लास्टिकांना हळूहळू कमजोर करतात आणि ताणाखाली असलेल्या खुंटीला तर लवकर चिरा पडतात.

भाग निघतच नसेल, म्हणजे आत पिन ठोकून कायमचा बसवलेला असेल, तर थेंबभर तेल कडेला सोडा, एक रात्र थांबा आणि दुसऱ्या दिवशी उष्णता देऊन सांधा वीस-पंचवीस वेळा हलवा. निघालेल्या रंगाची पूड कडेला येते, ती ओल्या इअरबडने पुसत राहा.

तुटलीच तर

पहिली गोष्ट म्हणजे सुपरग्लूची बाटली लांब ठेवा. तुटलेल्या टोकांवर ते लावून जोडलं की ते खोबणीत उतरतं आणि फिरणारा सांधा कायमचा मुका होतो. शिवाय खुंटी पीओएमची असेल तर सुपरग्लू तिला धरतच नाही. ओळखायची खूण: दुधी किंवा रंगीत, पण स्पर्शाला मेणासारखी निसरडी, आणि तिच्यावर रंगही टिकत नाही.

आधी खोबणीत अडकलेला तुकडा बाहेर काढायचा. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने त्याच्या बरोबर मध्यभागी १ मिलिमीटरचं भोक पाडा, त्यात एक छोटा स्क्रू दोन-तीन आटे बसवा, खोबणीचा भाग गरम करा आणि पक्कडीने स्क्रू धरून सरळ बाहेर ओढा. मध्य चुकला तर खोबणीची भिंत जाते, म्हणून ड्रिल टेकवण्याआधी सुईने खूण करा. नंतर दोन्ही तुकड्यांत भोक पाडून १ मिलिमीटरची पितळी तार आत घालायची आणि दोन भागांच्या इपॉक्सीने बसवायची. पीओएमवर इपॉक्सीही विशेष धरत नाही, पण तारेवर बारीक खाचा पाडल्या तर ती अडकून राहते. एक दिवस हात लावू नका. हा सांधा यापुढे रोज हलवायचा नाही हेही मान्य करून टाका.

मनगटाच्या खुंट्यांसाठी याहून सोपा मार्ग म्हणजे त्याच साच्याच्या जुन्या, साध्या आवृत्तीची सुटी खुंटी. साचा तोच, मग खुंटीही तीच. एक्सक्लुझिव्हच्या एरवी त्रास देणाऱ्या या गोष्टीचा इथे उपयोग होतो. माझ्याकडच्या दोन फिगर आज अशाच उभ्या आहेत.

उलटा त्रास: सांधा लुळा

घासताना हात जास्त चालला किंवा मुळातच माप सैल होतं, तर खुंटीवर पारदर्शक ॲक्रिलिक व्हार्निशचा पातळ थर द्या, रात्रभर पूर्ण वाळू द्या, मग बसवा. कमी पडलं तर दुसरा थर. गोल चेंडूच्या सांध्यासाठी नळकाम करणारे वापरतात ती पांढरी टेफ्लॉन पट्टी एक वेढा गुंडाळली तरी पुरते, आणि ती हवी तेव्हा काढता येते म्हणून मला ती जास्त आवडते. सुपरग्लूचा थर चढवणारे कसबी लोक आहेत, पण ते वाळताना त्याची वाफ जवळच्या काळ्या आणि पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं धुकं सोडते. तेही नको.

रंगाचे दोष, थोडक्यात

डोळे बहुधा सिलिकॉनच्या मऊ गादीने छापतात: गादी शाई उचलते आणि चेहऱ्यावर टेकवते. प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा, त्यामुळे एक ठसा जरा सरकला की फिगर तिरळी दिसते. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. स्पिरिटने पुसायला गेलात तर बुबुळाबरोबर भुवईही जाते. चेहऱ्यासाठी बदली मागाच. रोज नजर तिथेच जाणार आहे. अंगावर उडालेला रंगाचा कण लाकडी टूथपिकने, कोरडाच, नखाने खरवडावा तसा हलके काढा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र कधीच नाही. त्यातल्या ॲसिटोनने एबीएस विरघळतं.

वाकलेला पाय किंवा झुकलेली तलवार हा तर सर्वांत सोपा दोष. पीव्हीसीला साच्यातला आकार बराचसा आठवत असतो. गरम पाण्यात धरलं की बऱ्याचदा ते आपणहून सरळ होतं. हवा तो आकार आला की लगेच गार पाण्यात, आणि झालं.

बॉक्स बंदच ठेवणाऱ्यांसाठी

किंमत टिकावी म्हणून अनेकजण सील तोडत नाहीत. त्यांच्याशी मी सहमत नाही, आणि कारण भावनिक नाही. दोन डावे हात बंद बॉक्समध्येही दोन डावेच राहतात, फक्त तक्रारीची मुदत निघून जाते. मऊ पीव्हीसीमध्ये लवचीकपणासाठी मिसळलेलं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि बंद ट्रेमध्ये त्याला जायला वाट नसते, म्हणून वर्षांनी उघडलेली फिगर चिकट लागते. ती चिकटाई कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतली जाते, पण ट्रेला चिकटून उचकटलेला रंग परत येत नाही. शिवाय ट्रेमध्ये वाकून बसलेला घोटा आणखी वाकत जातो. उघडा, तपासा, महिना-दोन महिन्यांनी हवा लागू द्या, मग हवं तर पुन्हा ठेवा.

एकाच बाबतीत मी हात मागे घेतो. पारदर्शक प्लास्टिकची किंवा आत सोनेरी कणांची नक्षी असलेली एक्सक्लुझिव्ह. असं प्लास्टिक साध्यापेक्षा ठिसूळ असतं; कणांच्या प्रवाहाच्या रेषा जिथे मिळतात तिथे ते आपणहून दुभंगू शकतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि १९९० च्या दशकात सोनेरी प्लास्टिकचे अनेक खेळण्यातले भाग असेच कपाटात बसल्याजागी भुगा झाले. अशा फिगरच्या धातूच्या पिनभोवती टॉर्चच्या उजेडात केसासारखी एक जरी रेघ दिसली, तर ना उष्णता, ना तेल, ना हालचाल. ज्या पोझमध्ये ती ट्रेमधून निघाली त्याच पोझमध्ये, पायाखाली स्टँड देऊन, उन्हापासून लांब उभी करा.